निवास शून्य

“कुणाच्या तरी अंगाला चिखलाचा वास येतोय,” रांगेतली मागची बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली. हळूच म्हणाली, पण पुढच्या बाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू नाही.

पुढची बाई म्हणजे चटईवाली. तिनं मान वळवली नाही. पहाटे उठून तिनं अंग दगडानं घासून लाल केलं होतं, नखांतला गाळ काडीनं उकरून काढला होता, केसांना दोनदा पाणी लावलं होतं. पण लव्हाळ्याचा वास कातडीवर बसत नाही, कातडीच्या आत बिऱ्हाड करतो. बावीस वर्षं पाणथळीत उभं राहून लव्हाळा कापणाऱ्या बाईनं तो कुठं ठेवून यायचा? तिनं फक्त हातातली पिशवी पोटाशी धरली आणि एक पाऊल पुढं सरकली. रांग सरकली नव्हती, त्यामुळं ती पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळली. त्यानंही नाक मुरडलं.

कॉलेजच्या त्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला मुलं खोडरबर म्हणत. तो स्वतः फारसं लिहीत नसे, लोकांनी लिहिलेलं खोडून आणायला लावी. चटईवालीचा नंबर आला तेव्हा त्यानं आधी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“हा कागद घरी आला,” ती म्हणाली. “खर्चाचा अंदाज. ह्यात चूक आहे.”

“चूक नसते. राज्याचा नियम आहे बाई. प्रत्येक मुलाला वर्षाचा खर्च कलमवार लिहून द्यायचा. शिक्षण, पुस्तकं, निवास, भोजन, प्रवास. मदत मिळणार ती ह्या कागदाच्या आत. कागदाबाहेर काही नाही.”

“पण निवासापुढं शून्य लिहिलंय. भोजनापुढंही.”

“असणारच.”

“म्हणजे पोरगी वर्षभर जेवणार नाही का?”

मागच्या बाईचा नवरा फिसकन हसला. खोडरबर हसला नाही. त्यानं गठ्ठ्यातून तिच्या मुलीचा अर्ज काढला आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली.

“जेवेल की. आत्याकडं. हे काय लिहिलंय? ‘कॉलेजच्या गावातील जवळचे नातेवाईक.’ सख्खी आत्या, पूर्ण पत्त्यासह. तुम्हीच लिहिलंय ना? आठ किलोमीटरच्या आत सख्खं नातं असलं की निवास आणि भोजन धरत नाहीत.”

“ते आम्ही… पोरीला काही झालंबिलं तर कुणाला कळवायचं, म्हणून लिहिलं.”

“नियमाला तुमच्या मनातलं कसं कळणार?”

“मग खोडते मी ते. रबर द्या.”

“आता नाही खोडता येत. शिक्का बसलाय.”

उभ्या जन्मात ज्यानं लोकांकडून नुसती खाडाखोड करून घेतली, त्याला नेमकं आजच खोडलेलं चालत नव्हतं. चटईवाली खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिला कळत होतं की रांग तापलीय. तिला हेही कळत होतं की इथून हलली तर मुलीचं कॉलेज गेलं. घरापासून कॉलेज तीन तासांवर. रोज जाऊन-येऊन व्हायचं नाही, आणि वसतिगृहाचा खर्च मदतीतून मिळाला नाही तर तो द्यायला घरात फक्त चटया होत्या.

“ती आत्या ठेवणार नाही तिला,” ती शेवटी म्हणाली.

“मग तसं लिहून आणा. नकारपत्र. आत्याच्या स्वतःच्या हातचं. भाचीला ठेवू शकत नाही, आणि कारण. शुक्रवारी चारच्या आत.”

“कारण काय लिहायचं?”

“खरं. आम्ही माणूस पाठवून विचारतो. मागच्या वर्षी एका काकानं लिहिलं, घर पडलंय. आमचा माणूस गेला तर दुसरा मजला चढत होता. पोराची सगळी मदत गेली. जागा नाही, आजारी आहे, असलं आम्ही फार वाचलेलं असतं.” त्यानं अर्ज गठ्ठ्यात सारला. “पुढचे.”

घरी आली तेव्हा नवरा मागावर बसला होता आणि मुलगी त्याच्या समोर, सळई घेऊन. चटईचा माग एकट्यानं चालत नाही. एकानं लांब सळईच्या टोकाला लव्हाळ्याची काडी अडकवून उभ्या सुतळ्यांमधून आरपार घालायची, दुसऱ्यानं जड लाकडी फणी दोन्ही हातांनी ओढून ती ठोकून बसवायची. काडी, ठोका. काडी, ठोका. एक चुकला की दुसऱ्याची बोटं जातात. मुलीची सळई इतकी हलकी चाले की बघणाऱ्याला वाटावं, काडी आपल्या पायानं पलीकडं जातेय.

“काय म्हणाला?” नवऱ्यानं ठोका न चुकवता विचारलं.

तिनं सांगितलं. ठोका चुकला.

“तिचं नाव कुणी लिहायला सांगितलं होतं?” ती म्हणाली.

“मग काय लिहायचं होतं? गावात आपलं कुणी नाही? सख्खी बहीण जिवंत असताना?”

“आई गेल्यापासून सहा वर्षांत तिच्या दारात पाय ठेवला नाही तुम्ही.”

“तो भाग वेगळा. कागदावर बहीण ती बहीण.”

बहिणीशी वाकडं, पण कारकुनासमोर बहीण नाही म्हणायला ह्या माणसाची जीभ रेटली नव्हती. त्याच्या ह्या अब्रूपायी मुलीचं राहणंजेवण उडालं होतं. चटईवालीला हसू आलं आणि तिनं ते गिळलं, कारण हसू बाहेर पडलं असतं तर मागोमाग शिव्याही पडल्या असत्या.

“तुम्ही जा उद्या तिच्याकडं,” ती म्हणाली. “तुमची बहीण आहे.”

“मी काय बोलणार? तुम्ही बायकाबायका बघा.” त्यानं फणी ओढली. “आणि पोरगी गेल्यावर सळई कोण धरणार, हे कुणी विचारतंय का? नियमात आहे का ते कलम?”

मुलीनं सळई मांडीवर आडवी ठेवली. “आत्याचं आणि तुमचं नेमकं झालं काय होतं?”

नवरा सुतळीची गाठ बघायला लागला. गाठ घट्ट होती.

“काही नाही,” तो म्हणाला. “तिला शाळेत डोकं नव्हतं. सातवीनंतर बसली घरी. आणि मग ते आमच्यावर ढकलत राहिली. जुनं काय उकरायचं.”

मुलीनं आईकडं पाहिलं. आई ओला लव्हाळा पसरायला बाहेर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कुणीच कुठं गेलं नाही. चटईवालीनं स्वतःलाच सांगितलं की आज कापणी टाळून चालणार नाही. ते खरंही होतं. यंदा पाणथळीत पाणी राहिलंच नव्हतं. दरवर्षी कमरेला लागायचं ते गुडघ्याखाली उतरलं होतं, आणि खाली नुसता काळा, चिकट, ऊन ऊन गाळ. पाण्यात उभं राहिलं तर विळा बुंध्याशी आपोआप पोचतो. गाळात वाकावं लागतं. दुपारपर्यंत तिची कंबर अशी धरली की सरळ व्हायला तिला विळ्याची मूठ मांडीत रोवावी लागे. लव्हाळ्याच्या धारेनं मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, त्यांत गाळ जाऊन चुरचुरत होतं. लव्हाळाही यंदा खुजाच. हातभर कमी.

तिसऱ्या प्रहरी व्यापारी आला. त्यानं चटई जमिनीवर उलगडली आणि तिच्यावर चपलांसकट झोपला. त्याची ही नेहमीची पद्धत. डोकं एका टोकाला टेकवलं, तर टाचा मातीत गेल्या.

“ही चटई आहे की पायपुसणं?” तो झोपल्या झोपल्याच म्हणाला.

“लव्हाळाच तेवढा आलाय, शेठ.”

“मग पाय कापलेली गिऱ्हाइकं आणू का मी?” तो उठला, कपडे झाडले. दहांतल्या चार चटया घेतल्या. बाकीच्या सहा नवऱ्यानं गुंडाळून पुन्हा आढ्याला टांगल्या. व्यापाऱ्याच्या चपलांचे ठसे मुलीनं ओल्या फडक्यानं पुसले. पुसता पुसता ती म्हणाली, “आई, उद्या गुरुवार.”

“माहीत आहे मला वार.”

“तू घाबरतेस का आत्याला?”

“तिला काय घाबरायचंय?” चटईवाली म्हणाली. तिनं हातपाय धुतले, आणि धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले.

गुरुवारी मायलेकी पहिल्या गाडीनं निघाल्या. नणंदेचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत होतं. दोन मजली, खिडक्यांना हिरवा रंग, दारात सहा जोड चपला ओळीत लावलेल्या. नवरा वारल्यावर नणंद कॉलेजच्या मुलींना खोल्या भाड्यानं देई. दार एका मुलीनं उघडलं. तिनं दोघींना खालून वर पाहिलं.

“कपडे धुवायला ना? मागच्या दारानं या. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, आज कुणीतरी येईल.”

“आम्ही पाहुण्या आहोत,” मुलगी म्हणाली.

“पाहुण्या?” ती भाडेकरीण म्हणाली आणि आत गेली. आतून दोघीतिघींचं हसणं आलं. मग पावलं.

नणंद छत्तीस वर्षांची होती, पण पन्नाशीची दिसावी अशी सावकाश चालत आली. चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं भावजयीकडं पाहिलं, मग भाचीकडं, मग भाचीच्या हातांकडं. हातांवर तिची नजर जरा जास्त थांबली.

“बसा,” ती म्हणाली आणि आत न नेता बाहेरच्याच बाकाकडं बोट केलं. “कोण मेलं?”

“कुणी नाही, ताई.”

“मग कशी आलीस, वहिनी?”

चटईवालीनं कागद काढून दिला. नणंदेनं चष्मा लावला. खर्चाच्या अंदाजाचा तो कागद तिनं भाजीवाला वजनं बघतो तसा वाचला, नुसती नजर फिरवून. तिच्या सहाही भाडेकरणींचे अर्ज तिनंच भरून दिले होते. खोडरबर तिला बसायला खुर्ची देतो, असं गल्लीत म्हणत.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “सख्खी आत्या, आठ किलोमीटर. कॉलेजचं फाटक इथून दिसतं. निवास शून्य, भोजन शून्य.” तिनं कागद परत केला. “माझं नाव कुणी दिलं?”

“तुमच्या भावानं.”

“अस्सं. आठवतं म्हणायचं त्याला नाव.”

“नकारपत्र हवंय, ताई. तुमच्या हातचं. तिला ठेवू शकत नाही असं. शुक्रवारी चारच्या आत द्यायचंय. मग वसतिगृहाचं मिळेल तिला.”

नणंद भिंतीला टेकली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण त्याला हसू म्हणवत नव्हतं.

“नकार कशाला? ठेवते की मी तिला.”

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं.

“सगळं माझ्या अंगावर येतं हल्ली,” नणंद पुढं म्हणाली. अगदी सरळ आवाजात. “सहा पोरींचा दोन वेळचा स्वयंपाक, चादरी, जिने, न्हाणीघर. हिचे हात कामाचे दिसतात. पहाटे उठेल, दुपारी उरकेल. मग जाईल कॉलेजला, वेळ राहिला तर. घरची पोर आहे, घरात दोन हात हवेत म्हटल्यावर एवढं करायलाच हवं. नाही का, वहिनी?”

हे शब्द चटईवालीच्या ओळखीचे होते. बावीस वर्षांपूर्वी ते कुणी, कुठं उभं राहून म्हटले होते, ते तिला दिवसासकट आठवत होतं. नणंदेला तर आठवतच होतं.

“ताई, पत्र द्या. पाया पडते.”

“नको. बाकावरून उठू नकोस, खाली ओल आहे, कपडे भिजतील तुझे.” तिनं आत हाक मारली आणि एक वही आणि पेन मागवलं. वहीचं पान टर्रकन फाडलं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि लिहायला लागली. अक्षर मोठं, गोल, जपून काढलेलं. “मी, खाली सही करणारी, भाचीला माझ्या घरी ठेवू शकत नाही. कारण.” तिथं पेन थांबलं. “सांग, कारण काय लिहू?”

“जागा नाही लिहा.”

“माझी एक खोली रिकामी आहे. खोडरबरला माहीत आहे ते, त्यानंच परवा एका मुलीसाठी विचारलं होतं.”

“तुमची तब्येत बरी नसते, असं लिहा.”

“मी ठणठणीत आहे. खोटं सापडलं तर हिची सगळी मदत जाते. मी पाहिलेत असे दोन.”

“मग… आपलं पटत नाही, असं लिहा. तेवढं तर खरं आहे.”

“खरं आहे.” नणंदेनं ते लिहिलं. ‘पटत नाही.’ पण पेन उचललं नाही. “का पटत नाही?”

गल्लीतून एक हातगाडी गेली. तिचं एक चाक वाकडं होतं, ते दर फेऱ्याला कुरकुरत होतं. चटईवाली त्या चाकाकडं बघत राहिली.

“खोडरबर हे विचारणार,” नणंद म्हणाली. “पटत नाही तर का पटत नाही. आणि त्याचं सोड, मलाच हवंय. मी भावाला विचारलं, तो म्हणाला जुनं काय उकरायचं. आईला शेवटच्या आजारात विचारलं, तिनं डोळे मिटून घेतले मेल्यासारखे. मरायला अजून दोन दिवस होते तिला. शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या एकदा, त्यांनी रस्ता बदलला. सगळे म्हणतात, तुला डोकं नव्हतं. आता तू सांग. मी लिहिते.”

“तुमची शाळा सुटली म्हणून,” चटईवाली पुटपुटली.

“सुटायला ती काय गाडी होती?”

मुलगी उठली. “आई, चल. मला नाही जायचं कॉलेजला. हिच्या दारात बसून भीक नाही मागायची.”

“बस खाली.”

“आई…”

“बस म्हटलं ना.”

मुलगी बसली. आतल्या भाडेकरणींचं बोलणं थांबलं होतं. दाराच्या फटीत एक वेणी दिसत होती. चटईवालीनं ती पाहिली आणि तिला वाटलं, निदान दार लावून घ्यायला सांगावं. मग वाटलं, काय उपयोग.

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना. शेवटी तिनं ते गुडघ्यांवर उपडे ठेवले. चिरा वर आल्या.

“तुम्ही सातवीत पहिल्या आला होता,” ती म्हणाली. “पावसाळा तोंडावर आला होता. शाळेतल्या बाई घरी आल्या, पुढच्या शाळेचा कागद घेऊन. त्यात राहणं होतं, जेवण होतं, सगळं फुकट होतं. सासूबाई अंगठा लावणार होत्या. शाई लागली होती अंगठ्याला. तुम्ही पाणथळीत होता. त्यांनी मला विचारलं, तुला एकटीला रेटेल का गं. मी म्हटलं, नाही. घरात दोन हात हवेत.”

“हे मला ठाऊक आहे,” नणंद म्हणाली. “ह्यात नवीन काय? हात कमी पडत होते. गरिबाघरी असंच असतं. हे मी बावीस वर्षं स्वतःला सांगतेय.”

तिनं पेन कागदाला लावलं. ‘घरात कामाला हात कमी’ एवढं लिहायला ती वाकलीही.

आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. पत्र पुरं होत होतं, सही झाली असती, खोडरबरनं मानलंही असतं, आणि मुलीला वसतिगृह मिळालं असतं. पण माणूस पाठवून विचारतात, हे चटईवालीच्या मनातून जात नव्हतं. नणंद लिहीत होती ते खोटं होतं, आणि खोट्यावर उभी राहिलेली मदत कधी ना कधी कुणीतरी हिसकावून घेणार होतं. मुलगी तिच्याकडं बघत होती. नणंदही वाकल्या वाकल्या थांबली होती, जणू पाठीलाच ऐकू येत होतं.

“ते नका लिहू,” चटईवाली म्हणाली.

“का?”

“हात कमी पडत नव्हते. शेजारची म्हातारी रोजानं सळई धरायला तयार होती, तुमचा भाऊ तिच्याशी बोलूनही आला होता. मला रेटलं असतं, ताई.” तिचा आवाज इतका खाली गेला की मुलीला पुढं झुकावं लागलं. “मी चौथीतून निघालेली. एकोणीस वर्षांची. दिवसभर गाळात उभी राहून यायची, आणि तुम्ही मागच्या दारात पुस्तक घेऊन बसलेल्या असायच्या. सासूबाई मला म्हणायच्या, हळू चाल, ती अभ्यास करतेय. माझ्या अंगातून पाणी गळत असायचं, आणि मी हळू चालायची. तुम्हाला डोकं नाही, हे पहिल्यांदा मीच म्हटलं. विहिरीवर. मग सगळे म्हणायला लागले, आणि सगळ्यांना सोपं गेलं.”

नणंदेनं मान वर केली नाही. चटईवालीनं बोटानं कागदावरची ‘पटत नाही’ ही ओळ दाखवली.

“कारण लिहा,” ती म्हणाली. “माझं शिकणं वहिनीला बघवलं नाही. एवढंच लिहा.”